कोट घातलेली स्कूटर

पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या गार्गो गावात कुणाच्या स्कूटरला काय झालंय हे आस्लातला घरात बसून कळायचं. बाहेर पठारावर कुठेतरी घरघर ऐकू आली की तो हातातला सुरा खाली ठेवायचा, कान द्यायचा आणि म्हणायचा, "हेइकाचा प्लग काळा झालाय." अर्ध्या तासाने हेइका, म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, काळा प्लग हातात घेऊन दारात उभा. स्कूटर म्हणजे अर्थात बर्फावरची, पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे रबरी पट्टा असलेली. चाकांवरची स्कूटर निम्म्या गावाने फक्त टीव्हीवर पाहिली होती आणि तिच्याबद्दल कुणाचं मत फारसं चांगलं नव्हतं.

आस्लात चोपन्न वर्षांचा. लग्न राहून गेलेलं. का राहिलं, यावर घरातच दोन मतं होती. धाकटी बहीण एल्ले म्हणायची, दादा बोलतच नाही, मग बाईला कळणार कसं? निल्लासकाका म्हणायचे, बोलतो की, पण बोलायला लागला की कार्बोरेटरवर बोलतो. दोघांचंही बरोबर होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र आस्लात रिस्तेनकडे कॉफीला जायचा. रिस्तेनचा नवरा वारून सहा वर्षं झाली होती. ती रेनडियरच्या कातड्याचे बूट शिवायची, आणि तिच्या हातचे बूट घालणाऱ्याचे पाय कधी ओले झाले नाहीत असं गाव सांगायचं. गार्गोत दार ठोठावण्याची पद्धत नाही. पाहुणा सरळ आत येतो, दाराजवळच्या बाकावर बसतो आणि गप्प राहतो. घरचं माणूस कॉफी ठेवतं. काम काय, हे पहिल्या कपाला कुणी विचारत नाही. दुसरा कप हातात आला की पाहुण्याने आपण होऊन काम सांगायचं, नाहीतर कप पालथा घालून निघायचं. आस्लात पाच वर्षं येत होता. दोन कप प्यायचा, कॉफीत चीजचा तुकडा बुडवून खायचा, कप पालथा घालायचा आणि जायचा. सगळ्याला मिळून दहा मिनिटं. पाच वर्षांत त्याने एकदाही काम सांगितलं नव्हतं, आणि रिस्तेननेही काही विचारलं नव्हतं.

त्या जानेवारीत पारा शून्याखाली एकेचाळीसवर गेला आणि आस्लातच्या स्कूटरचा कार्बोरेटर वाटेतच गोठू लागला. अशा थंडीत गावात जो तो बॉनेटखाली काहीबाही कोंबतो. हेइकाने जुनं स्वेटर कोंबलं होतं. निल्लासकाकांच्या स्कूटरमध्ये गेली दहा वर्षं काकूचा लोकरीचा परकर होता, आणि काकू असतानाही तो तिथेच होता यावरून घरात बरीच बोलाचाली झालेली. आस्लातकडे कोंबायला काही नव्हतं. रिस्तेनने ते ऐकलं, हातात दोरा घेऊन बाहेर आली आणि गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यावं तसं तिने इंजिनाचं माप घेतलं. तीन दिवसांनी कोट तयार. रेनडियरच्या पायाच्या कातड्याचा, केस आतल्या बाजूला, हवेच्या जाळीवर नीट बसणारा, बांधायला चार नाड्या.

आई गेल्यापासून नऊ वर्षांत आस्लातसाठी कुणी काही शिवलं नव्हतं. आता शिवलं तेही इंजिनाच्या मापाचं. तरी तो कोट बांधताना त्याला स्वतःच्याच अंगात ऊब आल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तो गावाला उगाच दोन चकरा मारून घरी गेला.

फेब्रुवारीत एक विचित्र गोष्ट घडली. रिस्तेनची स्वतःची स्कूटर आठवडाभर दुखणाईत पडली. सकाळी नीट सुरू व्हायची, बंद केली की परत सुरू व्हायला मागायची नाही. आस्लातने ते घरबसल्या ऐकलं आणि हत्यारांची पेटी घेऊन आपण होऊन गेला.

"आता बरी आहे," रिस्तेन दारातूनच म्हणाली.

त्याने इंजिन सुरू करायचा दोर एकदा ओढला. स्कूटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने कान लावून ऐकलं, त्याला काहीच सापडलं नाही, आणि तो थोडा खट्टू होऊन परत गेला. महिनाअखेरीस रिस्तेनने त्याच्या स्कूटरचा कोट मागून घेतला. शिवण उसवलीय म्हणाली. दोन दिवसांनी परत दिला. आस्लातला तो जरा जड वाटला, पण नवीन दोऱ्याचं वजन असेल म्हणून त्याने सोडून दिलं. इंजिनाच्या बाबतीत कशालाही न फसणारा माणूस कपड्याच्या बाबतीत अगदीच भोळा होता.

मार्च आला. ऊन पडू लागलं, दुपारी पारा शून्याजवळ यायला लागला, छपरांवरून थेंब गळू लागले. अशाच एका शुक्रवारी आस्लातने दोन कप प्यायले, कप पालथा घातला, बाहेर येऊन दोर ओढला. स्कूटर ढिम्म. परत ओढला. चोक देऊन, चोक काढून, एक पाय वर घेऊन, दोन्ही हातांनी. समोरच्या घरात निल्लासकाका खिडकीत बसलेले असत. पाय गेल्यापासून गावावर नजर ठेवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांनी खिडकीची फट उघडली आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एकतीस झाले तेव्हा रिस्तेनने दार उघडलं.

"कॉफी आहे अजून," ती म्हणाली.

इंजिन थंड व्हायला दीड तास लागला. तेवढा वेळ आस्लात बाकावर बसला. पहिला अर्धा तास तो नेहमीसारखाच गप्प होता. मग दहा मिनिटं कार्बोरेटरवर बोलला. मग, काय झालं कुणास ठाऊक, तो आईबद्दल बोलू लागला, मग लहानपणी नदीत पडला होता त्याबद्दल, मग एकटा माणूस मासा शिजवतो तेव्हा तो दोन दिवस पुरतो आणि दुसऱ्या दिवशी तो खाववत नाही त्याबद्दल. रिस्तेन बूट शिवता शिवता ऐकत होती. एकदा हसली. त्या हसण्यापायी आस्लात आणखी पाऊण तास बोलला असता, पण स्कूटर थंड झाली होती आणि सुरू झाली. तिचा त्याला जरा रागच आला.

मंगळवारी पुन्हा तेच. शुक्रवारी पुन्हा तेच.

आता हा माणूस गावातला सगळ्यात हुशार मेकॅनिक. तिसऱ्या खेपेला घरी येऊन त्याने बॉनेट उघडलं, कातड्याखाली हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. सगळं क्षणात कळलं. थंडी सरली, कोट राहिला. चालत्या इंजिनाची उष्णता कशीबशी बाहेर पडते, पण बंद केलं की ती कोटातच कोंडते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं, इंजिन त्या वाफेने गुदमरतं. चार नाड्या सोडायच्या, कोट काढायचा. पोरासोरालाही जमलं असतं. गावातल्या प्रत्येकाने आपापलं स्वेटर आणि परकर कधीच काढून ठेवले होते.

आस्लातने एक नाडी सोडली. थोडा वेळ उभा राहिला. नाडी परत बांधली आणि बॉनेट लावलं.

तिने मेहनतीने शिवलेला कोट असा काढून टाकला तर तिला वाईट वाटेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. कोट काढला की पुन्हा दोन कप, दहा मिनिटं आणि पालथा कप.

पण गावात अशी गोष्ट लपत नाही, आणि ती काकांच्या खिडकीसमोर घडत असेल तर मुळीच नाही. जो तो इलाज सांगू लागला. काका म्हणाले, कॉइल. त्यांनी आपल्या जुन्या स्कूटरची कॉइल काढून पाठवून दिली आणि आस्लातला ती निमूटपणे बसवावी लागली. एल्ले म्हणाली, पेट्रोलमध्ये पाणी आहे. दुकानातला माणूस म्हणाला, पंप. ज्या माणसांना त्याने वीस-वीस वर्षं प्लग बदलून दिले, ती आता त्याला चोक कसा द्यायचा ते समजावून सांगत होती. आस्लात मान डोलवायचा. आतून त्याचा जळफळाट व्हायचा, पण मंगळवार-शुक्रवारच्या दीड तासांसाठी त्याने तोही गिळला.

शेवटी हेइका म्हणाला, "उद्या मी येतो. मला बघू दे."

आता आली का पंचाईत. हेइकाने बॉनेट उघडलं की कोट दिसणार. म्हणून आस्लातने सकाळीच कोट काढून शेडमध्ये सुक्या मांसाच्या पोत्यामागे दडवला. हेइका आला. त्याने स्कूटर चांगली तासभर पळवली, तापवली, बंद केली, दोर ओढला. पहिल्या झटक्यात सुरू. परत बंद केली, परत सुरू. सात वेळा केलं.

"काय रे हिला?" हेइका वैतागून म्हणाला. "दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरतो, तसं चाललंय हिचं."

"परक्या हाताला नीट वागते," आस्लात म्हणाला.

"म्हणजे दोष तुझ्या हाताला?"

आस्लातने वर आकाशाकडे पाहिलं. हेइका गेल्यावर त्याने कोट परत बांधला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. काकांचा आकडा अडतीसवर गेला.

ईस्टरच्या आदल्या रविवारी सगळे एल्लेच्या स्वयंपाकघरात जमले. सगळे म्हणजे रेनडियरचा कळप एकत्र राखणारी पाच घरं. ईस्टर झाला की मंगळवारी कळप उन्हाळी चराईसाठी समुद्राकडे निघणार होता. मागे सगळी जनावरं, किती ते गार्गोत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, आणि पुढे एक माणूस, स्कूटरला बांधलेला गळ्यात घंटा असलेला म्होरक्या रेनडियर घेऊन. त्या पुढच्या माणसाला दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून मागची चाहूल घ्यावी लागते. कळप कुठे फुटला, कुठे थबकला, ते कानानेच कळतं. बावीस वर्षं तो माणूस आस्लात होता. त्याच्या कानांना गावात तोड नव्हती.

"दादा, वाईट वाटून घेऊ नकोस," एल्ले म्हणाली. ती असं म्हणाली की वाईट वाटण्यासारखंच काहीतरी असायचं. "पण तू एकदा बंद करणार आणि दीड तास आम्ही सगळे डोंगरात उभे राहणार."

"मी पुढे जातो या वर्षी," हेइका म्हणाला.

"तुला ऐकू काय येणार?" काका म्हणाले. "तुझी बायको पाच मिनिटं हाका मारते तेव्हा तू मान वळवतोस."

"ते मी मुद्दाम करतो, काका."

एल्लेने नवऱ्याकडे पाहिलं. हेइकाने कॉफीत पाहिलं.

"आणि मी?" आस्लातने विचारलं.

एल्ले हळूच म्हणाली, "तू मागे. भांड्यांच्या घसरगाडीवर. माझ्याबरोबर."

भांडी-सामान लादलेल्या त्या मागच्या घसरगाडीवर आजवर म्हातारी माणसं, पाय मोडलेले लोक आणि एकदा शहरातून आलेले एक पाहुणे बसले होते. आस्लात कप पालथा घालून उठला. घरी येऊन तो स्कूटरवर बसून राहिला. पुढची जागा गेली तर बावीस वर्षांची अब्रू गेली. आणि कोट काढला तर ते दीड तास गेले. पाचच दिवस हातात होते. शनिवारी हेइका म्होरक्याला आपल्या स्कूटरची सवय करायला नेणार होता. त्या पाच दिवसांत आस्लातने चार वेळा नाड्या सोडल्या आणि चार वेळा बांधल्या. मधला मंगळवार आला. तो रिस्तेनकडे गेला, दीड तास माशांच्या जाळ्यांवर बोलला आणि कोटाचं नाव न घेता परत आला. शुक्रवारी गुड फ्रायडेचं चर्च होतं. उरला शनिवार.

शनिवारी सकाळी लवकर तो तिच्या दारात थांबला. खरं तर तो दिवस त्याचा नव्हे. रिस्तेनने त्याच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, कॉफी ठेवली. पहिला कप झाला. दुसरा कप हातात आला, काम सांगायची वेळ. आस्लातने तोंड उघडलं आणि त्यात चीजचा तुकडा टाकला. तिसरा कप झाला. गार्गोत तिसरा कप फक्त आजारी माणूस किंवा पाद्री घेतो. चौथा कप त्याने एका घोटात संपवला.

"कोट," तो म्हणाला.

"कोणता कोट?"

"स्कूटरचा. गरम होतो."

"कोटाचं कामच ते," रिस्तेन म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

"तसं नाही. शिवलाय छानच. छान म्हणजे, इतका छान कुणी शिवला नसता. पण आता ऊन पडलंय, आणि बंद केली की आतल्या आत पेट्रोल..." इथे तो कार्बोरेटरवर घसरणार होता, पण त्याने स्वतःला आवरलं. "मला मार्चपासून माहीत आहे. काढायला हवा होता. काढला नाही."

रिस्तेनने सुई गादीला टोचून ठेवली, कात्री उचलली आणि बाहेर गेली. आस्लात मागोमाग. तिने बॉनेट उघडलं, चार नाड्या सोडल्या, तापलेला कोट बर्फावर फेकला. थोडा निवाल्यावर तिने त्याची एक शिवण सरकन कापली आणि कातडं उलगडून त्याच्यापुढे धरलं. आत आणखी एक कातडं होतं. तसंच, केसाळ, पूर्ण मापाचं.

आस्लातने दोन्ही थर बोटांनी चाचपले.

"हा थर फेब्रुवारीत घातला," रिस्तेन म्हणाली. "शिवण उसवलीय म्हणून नेला होता ना, तेव्हा."

"का?"

"आधी माझ्या स्कूटरवर करून बघितलं, चुलीजवळच्या पडवीत, म्हणजे मार्चसारखी ऊब मिळेल. एक थर असला तर पाच मिनिटांत सुरू होते. तीन घातले तर संध्याकाळपर्यंत नाही. दोन थरांना दीड तास लागतो." तिने कोटाची घडी केली. "दीड तास मला बरा वाटला. तुला बोलायला सुरुवात करायलाच अर्धा तास लागतो."

आस्लातच्या डोक्यात पहिला विचार आला तो मेकॅनिकचा. त्या आठवड्यात त्याने तिची स्कूटर ऐकली होती, हत्यारं घेऊन आला होता, आणि त्याला काही सापडलं नव्हतं. गावाने जन्मभर ज्याच्या कानांची शपथ घेतली त्याला एका बाईने सुईदोऱ्याने बनवलं होतं.

"मी काकांची कॉइल बसवली," तो म्हणाला. "त्यांची कॉइल मुळातच गेलेली आहे."

"बघितलं मी खिडकीतून."

"गाव हसलं मला, रिस्तेन."

"मीही हसले," ती म्हणाली. मग तिचा आवाज जरा उतरला. "पण तुला भांड्यांच्या गाडीवर बसवतील हे माझ्या डोक्यात नव्हतं. काल चर्चमध्ये एल्लेने सांगितलं. आज तू आला नसतास तर मीच येणार होते काढायला. मंगळवारी पुढे तूच जायचंस. जरा निवू दे, मग ओढ दोर."

बॉनेट उघडं ठेवून ते दोघं पाच मिनिटं नुसते उभे राहिले. ऊन बर्फावर चकाकत होतं. समोर काकांची खिडकी किलकिली झाली. आस्लातने दोर धरला, ओढला.

"एक," काका म्हणाले.

दोन म्हणायची वेळ आली नाही. इंजिन धडधडत सुरू झालं, स्वच्छ, गोल आवाजात, आणि गावातल्या दोन-तीन दारांतून लोक बाहेर डोकावले. हेइका आपल्या अंगणात म्होरक्याचा दोर हातात धरून उभा होता. त्याने ऐकलं, दोन क्षण विचार केला आणि म्होरक्याला परत खुंटाला नेऊन बांधलं. आस्लातची जागा आस्लातला मिळाली होती.

तो स्कूटरवर बसला. आता थांबायला काही कारण उरलं नव्हतं. वाट मोकळी, इंजिन तयार, कॉफी चार कप झालेली. रिस्तेन कोटाची घडी छातीशी धरून उभी होती आणि त्याच्याकडे न बघता छपरावरच्या गळणाऱ्या थेंबांकडे बघत होती. पाच वर्षं हा माणूस याच क्षणी निघून जात आला होता, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

आस्लातने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. अंगणात इतकी शांतता झाली की काकांनी खिडकीतून आणखी थोडं डोकं बाहेर काढलं.

"माझं एक काम होतं," आस्लात म्हणाला.

रिस्तेनने दार उघडून धरलं.

"मग आत ये," ती म्हणाली. "कॉफी ठेवते आधी. अंगणात उभ्या उभ्या कुणी काम सांगतं का?"